वनविहार आणि वनरक्षण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भोजनानंतर व्याख्यान देण्याची कामगिरी ज्याच्या वाट्यास येते त्याने श्रोत्यांची फार परीक्षा पाहू नये, हा संकेत आम्ही जाणतो. तथापि आजचा विषय केवळ उपचाराचा नाही. आपल्या कार्यकारी मंडळाने यंदाच्या कौटुंबिक सहलीसाठी तीन स्थळे सुचविली आहेत: ज्येष्ठाच्या आरंभी भंडारदऱ्याचे काजवे, भाद्रपदात कासचे पठार, आणि हिवाळ्यात ताडोबाचे अरण्य. चार बसगाड्या, दोनशे माणसे, ध्वनिवर्धक आणि आचारी असा बेत आहे. या तिन्ही स्थळांविषयी आम्हांस जे ठाऊक आहे ते आपणांपुढे ठेवावे आणि मग सहल कशी काढावी याचा विचार सर्वांनी मिळून करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही सहलीच्या विरुद्ध नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या आपल्या मुलांना ओढ्याचे पाणी, ओल्या मातीचा वास आणि चांदण्यांनी भरलेले आकाश वर्षातून एकदा तरी लाभले पाहिजे. घरकामातून आणि नोकरीतून उसंत न मिळणाऱ्या आपल्या भगिनींना तर त्याची अधिकच आवश्यकता आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडून जेवण्याची जी चाल आपल्या आजीपणजींनी पाळली, ती तरी दुसरे काय होती? वनात जाऊन आनंद घ्यावा ही इच्छा निकोप आहे. प्रश्न इतकाच की आपण आनंद घेऊन परतल्यावर त्या वनाजवळ काय उरते?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. विवाहापूर्वी आपण देवक बसवितो. कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे पंचपल्लव. ज्या घराण्याचे जे देवक, त्या झाडावर त्या घराण्याने कुऱ्हाड चालवू नये, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. कोकणात आणि घाटमाथ्यावर गावोगाव देवराया आहेत. देवराईतून वाळकी काटकीही घरी आणू नये, हा नियम कोणत्याही सरकारी पहारेकऱ्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आसपासच्या डोंगरांवरून नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली तेथे टिकून असल्याचे जगाच्या ध्यानी आले. त्या देवराईत माणसे जात नव्हती असे नाही. जत्रा भरे, नवस फेडले जात, पालखी निघे. माणूस जाई, परंतु आपण दुसऱ्याच्या घरी आलो आहोत या जाणिवेने जाई.

तथापि पूर्वजांचे केवळ गुणगान करून भागणार नाही. त्याच काळात शिकार हाही मोठ्या लोकांचा विरंगुळा होता. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळवीट मारण्याचा खेळ प्रसिद्ध होता. पुढे अवघ्या भारतातून चित्ता नामशेष झाला आणि १९५२ साली तसे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, २०२२ साली, नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात सोडावे लागले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे माळढोकाचे दर्शन अपवादानेच घडते. जे एकदा हातचे जाते ते परत आणणे किती दुष्कर असते, हे यावरून कळावे.

शिकारीचा तो काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपविला. आता बंदूक घेऊन कोणी राजरोस रानात शिरत नाही. परंतु आज रानाला नवे भय उत्पन्न झाले आहे, आणि ते शत्रूंकडून नसून चाहत्यांकडून आहे. फुलांवर प्रेम करणारे फुले तुडवितात, काजव्यांचे कौतुक करणारे काजव्यांना आंधळे करतात आणि वाघाच्या दर्शनास आतुर झालेले वाघाची वाट अडवितात. हे विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून मंडळाने सुचविलेली तीन स्थळे एकेक करून पाहू.

प्रथम कास. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आली. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासच्या परिसरात वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. परंतु या वैभवाखाली काय आहे ते पाहावे. खाली जांभ्या खडकाचा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. कोठे चार बोटे, कोठे तेवढाही नाही. या मातीत नत्र इतके अल्प की काही वनस्पतींना किडे खाऊन निर्वाह करावा लागतो. दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती आपल्या पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडते. सीतेची आसवे या नाजूक निळ्या फुलांच्या वनस्पतीस जमिनीलगत सूक्ष्म पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत सापडतात. तेरडा, गेंद, कवला ही मंडळीही अशीच, पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून वाळून जाणारी. उरलेले आठ महिने त्यांचा सर्व संसार बीजरूपाने त्या चार बोटे मातीत झोपलेला असतो.

आता आपणच हिशेब करावा. अशा वनस्पतीचे फूल बी धरण्याआधी खुडले, तर पुढील वर्षीचे रोप आजच खुडले. छायाचित्रासाठी फुलांच्या गालिच्यात जाऊन कोणी बसला, तर तेवढी माती दबली, मुळांचा श्वास कोंडला आणि पाणी मुरण्याची वाट बुजली. एका माणसाचे एक पाऊल ही क्षुल्लक गोष्ट आहे खरी. परंतु एका रविवारी हजारो माणसे आली तर ती क्षुल्लक राहत नाही. म्हणूनच तेथे आगाऊ नोंदणीची पद्धत आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरविण्यात आली आणि आसपासच्या गावांच्या वनसमितीकडे व्यवस्था आली. आपल्यापैकी काहींना ही मर्यादा जाचक वाटते. देवाच्या गाभाऱ्यात एका वेळी चारच जण सोडतात तेव्हा आपण रांगेत मुकाट्याने उभे राहतो. मग येथेच का कुरकुर करावी?

दुसरे स्थळ भंडारदरा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या टापूत, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांच्या शिवारात, वळवाचे पाऊस पडू लागले की हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा या वृक्षांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. ज्याने ते पाहिले तो जन्मभर विसरत नाही. परंतु हा झगमगाट आपल्या करमणुकीसाठी नाही. काजवा हा एक भुंगेरा आहे. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपाने ओल्या जमिनीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगाई खाऊन जाते. पंख फुटल्यावर त्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. त्या दिवसांत नर प्रकाशाची सांकेतिक उघडझाप करतो, मादी झुडुपातून वा गवतातून तशाच उघडझापेने उत्तर देते, आणि त्या खुणेवर त्यांची भेट होते. थोडक्यात, ती विवाहाची बोलणी होय.

अशा वेळी मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाइलचे झोत त्या झाडांवर पडले तर काय होईल? दोघांची खूण एकमेकांस दिसेनाशी होते. भेट झाली नाही म्हणजे अंडी नाहीत. अंडी नाहीत म्हणजे पुढील ज्येष्ठात तेवढे काजवे नाहीत. अंधारात वाट सोडून गवतात शिरणारा माणूस पायाखाली माद्या आणि अळ्या चिरडतो ते निराळेच. आपल्या घरी लग्नाच्या बैठकीत कोणी आगंतुकाने भोंगा वाजविला, तर आपण त्यास काय म्हणू? आपल्या चार बसगाड्यांचे दिवे त्या घाटवाटेवर रांगेने पेटलेले डोळ्यांपुढे आणावेत, एवढेच आम्ही म्हणतो.

तिसरे ताडोबा. १९५५ साली स्थापन झालेले हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह ते व्याघ्रप्रकल्प झाले. नावामागची कथा आपल्या मुलांना जरूर सांगावी. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि देव झाला, अशी तेथील आदिवासी बांधवांची श्रद्धा आहे. तळ्याकाठी वृक्षाखाली त्याचे स्थान आहे. वाघाने ज्यास मारले त्या वीराची पूजा करणारे लोक वाघाच्या शेजारी शतकानुशतके राहिले.

आणि आज? २०२४ सालच्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह वाट ओलांडीत असता पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडीत धरले. त्या दृश्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. दोष चालकांवर आला हे योग्यच. परंतु चालकाच्या पाठीमागे बसून ‘आणखी जवळ घ्या’ म्हणणारे कोण होते? ते आपल्यासारखेच कुटुंबवत्सल, सुशिक्षित गृहस्थ होते. वाघ दिसला नाही म्हणजे पैसे बुडाले ही वृत्तीच मुळात वाईट. ओल्या मातीत उमटलेला पंजा पाहणे, सांबराची भोंक ऐकून सारे रान स्तब्ध झालेले अनुभवणे, रानकुत्र्यांची टोळी दिसणे, मोहाच्या फुलांचा वास घेणे, हे सारे फुकट गेले असे ज्याला वाटते त्याने अरण्यात न जाता प्राणिसंग्रहालयात जावे.

देवस्थानांविषयीही एक शब्द. आपल्यातील कित्येक कुटुंबे श्रावणात भीमाशंकरास जातात. ते ज्योतिर्लिंग आहे तसेच १९८५ पासून अभयारण्यही आहे, आणि मुख्यतः शेकरूसाठी आहे. शेकरू हा आपल्या राज्याचा राज्यप्राणी. तांबूस अंगाची ही मोठी खार शेंड्याशेंड्यांवरून उड्या घेत हिंडते आणि सहसा भुईवर उतरत नाही. झाडांच्या फांद्या एकमेकींस भिडलेल्या असल्या तरच तिचा मार्ग अखंड राहतो. तिला वा माकडांना बिस्किटे आणि फरसाण टाकणे यात भूतदया आहे असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की आयत्या खाद्यास चटावलेले जनावर रानातला आपला आहार सोडते, वाटेवर येते, गाडीखाली सापडते किंवा माणसांच्या अंगावर येऊ लागते. मग त्याच जनावरास ‘उपद्रवी’ ठरवून पकडण्याची मागणी होते. शंकराच्या दर्शनास जाऊन त्याच्या गणांना रोगी करणे हे पुण्यकर्म खचित नव्हे.

हे सर्व ऐकून कोणी विचारील, मग घरीच बसावे की काय? मुळीच नाही. माणसांच्या येण्यामुळे रक्षण होते याचेही उदाहरण आपल्यापुढे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. पूर्वी ती अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना विश्वासात घेऊन अंड्यांचे रक्षण आरंभिले. घरट्यातील अंडी कुंपणाच्या सुरक्षित जागेत पुरावयाची, सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर आली की ती समुद्राकडे सोडावयाची. पुढे ते दृश्य पाहण्यास पाहुणे येऊ लागले आणि कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या पंगतीस जेवतात, आणि पिले सोडताना दोरीच्या मागे शांतपणे उभे राहतात. पिले प्रकाशाच्या रोखाने जातात म्हणून विजेरी पेटवावयाची नाही, हा नियम लहान मुलेही पाळतात. जे अंडे पूर्वी विकून चार पैसे मिळत, तेच अंडे राखल्याने आता गावास अधिक मिळते. वनविहार आणि वनरक्षण यांचे वैर नाही. वैर आहे ते बेपर्वाईचे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हे काम सरकारचे आहे. कायदा आहेच. अभयारण्यात आग लावणे, कचरा टाकणे, प्राण्यांना त्रास देणे हे १९७२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. परंतु मैलोन्‌मैल पसरलेल्या रानात एकटा वनरक्षक प्रत्येक पिशवीमागे आणि प्रत्येक विडीच्या थोटकामागे धावू शकत नाही. देवराई पोलिसांनी राखली नव्हती.

दुसरा आक्षेप असा की आपल्या दोनशे माणसांनी काय होणार? तिकडे तर लाखो जातात. हे खरे. परंतु ते लाखो म्हणजे अशाच दोनशे-दोनशेंच्या सहली होत. आपल्यासारख्या संस्थेने निराळी रीत पाडली तर तिचे अनुकरण दुसऱ्या संस्था करतील. हुंडा आणि अवाढव्य खर्चाची लग्ने यांविरुद्ध ज्ञातिसंस्था बोलू लागल्या, तेव्हाही ‘आपण एकट्याने काय होणार’ असेच म्हटले जाई.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो आपल्या एका ज्येष्ठ भगिनीने काल आमच्यापाशी बोलून दाखविला. त्या म्हणाल्या, “मोठ्या सहलीत माणशी खर्च कमी येतो म्हणून आमच्यासारख्यांची मुले येऊ शकतात. तुम्ही लहान तुकड्या केल्यात तर जाणार ते ऐपतीचेच.” या म्हणण्यास उत्तर न देता पुढे जाणे अन्यायाचे होईल. रानाचे रक्षण गरिबांच्या आनंदाच्या मोलाने होता कामा नये. म्हणून आमच्या सूचनांत त्याचा उपायही आम्ही घातला आहे. त्या सूचना अशा:

एक, दोनशे जणांची एकच सहल न काढता पंचवीस-तीस जणांच्या तुकड्या निरनिराळ्या दिवशी, शक्य तो रविवार व सुटी टाळून, काढाव्यात. स्थळेही वाटून घ्यावीत. सर्वांनीच कासला जावे असे नाही. ध्वनिवर्धक, आचारी आणि मंडप यांचा जो खर्च वाचेल तो सहल निधीत जमा करावा आणि ज्या कुटुंबांना वर्गणी जड जाते त्यांच्या मुलांचा भार त्या निधीने, नावाचा उच्चार न करता, उचलावा.

दोन, भोजनाची व्यवस्था स्थानिक ग्रामस्थांकडे द्यावी आणि वाटाड्याही त्यांच्यातलाच घ्यावा. ज्यांच्या गुराढोरांचे चरणे रानाच्या रक्षणासाठी आटोपले गेले, त्यांच्या घरात आपल्या सहलीचे चार पैसे गेले पाहिजेत. नागली-तांदळाची भाकरी आणि पिठले आपल्या मुलांना खचित आवडेल.

तीन, प्रत्येकाने आपली ताट-वाटी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी. जे नेले ते परत आणावे. फळांच्या साली आणि वेष्टनेसुद्धा. रानात चूल, शेकोटी, धूम्रपान आणि मद्य यांस पूर्ण मनाई असावी. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरते, आणि गडाच्या कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर आणि आरडाओरडा माणसांच्याच जिवावर बेततो.

चार, फूल खुडू नये, प्राण्यांस खाऊ घालू नये, पायवाट सोडू नये. काजव्यांच्या रानात दिवा लावू नये. पायापुरता उजेड हवाच असेल तर विजेरीवर लाल कागद बांधून तो भुईकडेच ठेवावा. घरट्याचे छायाचित्र घेऊन त्याचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. त्यामागोमाग कोण येईल हे आपल्या हाती नसते.

पाच, प्रत्येक तुकडीतील मुलांना एक वही द्यावी. जे झाड, जो पक्षी, जे फूल दिसले त्याचे नाव ग्रामस्थांस विचारून तीत लिहावे, आणि उत्तम वह्यांना पुढील संमेलनात पारितोषिक द्यावे. ज्या गोष्टीचे नाव ठाऊक असते तिची हानी करताना हात कचरतो.

या पाच सूचना ठरावाच्या रूपाने उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहेत. तरुण मंडळींपैकी काहींना ध्वनिवर्धकावाचून सहल अळणी वाटेल, हे आम्ही ओळखून आहोत. त्यांना आमची एकच विनंती आहे: एकदा तरी रात्री गाड्यांचे दिवे मालवून, तोंडाने शब्द न काढता, अर्धा तास काजव्यांच्या झाडाखाली उभे राहावे. मग ठरावाच्या विरुद्ध मत द्यावेसे वाटले तर खुशाल द्यावे.

आपल्या स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आणि नवविवाहितांची छायाचित्रे छापली जातात. तीस वर्षांनी त्यांचीच मुले सहलीला निघतील. त्या वेळी कासवर फूल, भंडारदऱ्यास काजवा आणि भीमाशंकरी शेकरू त्यांच्या दृष्टीस पडावा असे आपणांस वाटत असेल, तर त्याची तरतूद आपणच केली पाहिजे. वडिलोपार्जित घर विकून खाणाऱ्यास आपण काय नाव ठेवतो ते सर्वांस ठाऊक आहे. हे सह्याद्रीचे रान त्या घराहून जुने आणि मोठे आहे, आणि त्याच्या वारसांत केवळ आपणच नाही, पशुपक्षीही आहेत.

 ठरावास आपला पाठिंबा मिळावा अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.